मावळ परिसरात क्लाउनफिश प्रजनन : घरगुती युनिटची उभारणी

क्लाउनफिश म्हणजेच विदूषक मासा हा प्रवाळ क्षेत्रातील, खाऱ्या पाण्यातील शोभिवंत मासा आहे. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या ओसेलॅरिस जातीला बाजारात सर्वाधिक मागणी असते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम येथील केंद्रांत या माशाच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. महाराष्ट्रात ऐरोली येथील सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभारली आहे.

मावळ, लोणावळा भागात समुद्राचे पाणी नाही, पण कृत्रिम समुद्री मीठ वापरून युनिट चालवता येते. मात्र येथे तीन अडचणी किनाऱ्यापेक्षा वेगळ्या आहेत : पावसाळ्यातील वीज खंडित होणे, हिवाळ्यातील थंड रात्री आणि वापरलेल्या खाऱ्या पाण्याची विल्हेवाट. या तिन्हींची सोय झाल्यानंतरच मासे आणावेत.

जागा आणि टाक्या

सुरुवात २ ते ३ जोड्यांपासून करावी. थेट ऊन न येणारी, पक्क्या भिंतींची एक खोली पुरते. एकूण सुमारे ५०० लिटर पाण्याचे नियोजन पुढीलप्रमाणे करावे.

- जोडीसाठी प्रत्येकी ८० ते १०० लिटरची काचेची टाकी.
- अळ्यांसाठी ४० लिटरची टाकी. तिच्या बाजूंना बाहेरून काळा कागद लावावा.
- पिल्लांच्या वाढीसाठी २०० लिटरची टाकी.
- रोटिफर आणि हिरव्या शेवाळासाठी २० लिटरचे पारदर्शक कॅन, प्रत्येकी किमान दोन. एक कल्चर बसले तरी दुसरे हाताशी राहते.

क्लाउनफिशच्या प्रजननासाठी समुद्रफूल लागत नाही. जैविक गाळणीसाठी सिरॅमिक रिंग वापराव्यात. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. प्रवाळ किंवा समुद्रातून काढलेले जिवंत खडक खरेदी करू नयेत.

पाणी तयार करणे

बोअरचे किंवा नळाचे पाणी थेट वापरू नये. आरओ पाण्यात प्रतिलिटर सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ विरघळवून २४ तास हवा द्यावी. खाण्याचे मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम व इतर क्षार योग्य प्रमाणात नसतात.

- क्षारता : ३० ते ३४ पीपीटी (रिफ्रॅक्टोमीटरने रोज मोजावी)
- तापमान : २६ ते २८ अंश सेल्सिअस
- सामू : ८.० ते ८.३
- अमोनिया आणि नायट्राइट : शून्य

बाष्पीभवनाने फक्त पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. त्यामुळे पातळी कमी झाल्यावर गोडे आरओ पाणी घालावे, खारे नव्हे. गाळणीत उपयुक्त जिवाणू तयार होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत मासे सोडू नयेत.

जोडी कशी तयार होते

क्लाउनफिशमध्ये सर्व मासे प्रथम नर म्हणून विकसित होतात. गटातील सर्वांत मोठा, वरचढ मासा मादी होतो आणि त्याखालचा प्रजननक्षम नर. म्हणून "नर-मादी" अशी लहान पिल्ले विकत मिळत नाहीत. हॅचरीत तयार झालेली ४ ते ६ पिल्ले एकत्र वाढवावीत किंवा एक मोठा आणि एक लहान मासा एकत्र सोडावा. जोडी जमल्यावर इतर मासे त्वरित बाजूला काढावेत, अन्यथा मादी त्यांना मारते. लहान पिल्लांपासून सुरुवात केल्यास पहिली अंडी मिळण्यास एक वर्ष किंवा अधिक काळ लागू शकतो. कर्जाचा हप्ता ठरवताना हा काळ गृहीत धरावा.

नवीन मासे ४ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. ब्रुकलिनेला आणि मरीन व्हेल्वेट हे रोग काही दिवसांत पूर्ण टाकी रिकामी करू शकतात.

अंडी ते पिल्लू

टाकीत मातीची कुंडी किंवा फरशीचा तुकडा तिरका ठेवावा. जोडी साधारण दर १२ ते १५ दिवसांनी त्यावर काहीशे अंडी घालते. नर अंड्यांना पंखांनी वारा घालतो आणि खराब अंडी काढून टाकतो. केशरी अंडी हळूहळू गडद होतात. साधारण ७ ते ८ व्या दिवशी अळ्यांचे डोळे चंदेरी दिसू लागले की त्या रात्री अंधार झाल्यावर अंडी फुटतात.

त्या संध्याकाळी कुंडी अळ्यांच्या टाकीत हलवावी. टाकीत पालकांच्याच टाकीतील पाणी भरावे, म्हणजे तापमान व क्षारता बदलत नाही. अंड्यांजवळ हवेचे मंद बुडबुडे सोडून दिवे बंद करावेत.

अळ्यांचे खाद्य :

- पहिला ते पाचवा दिवस : रोटिफर, प्रति मिलिलिटर १० ते १५. पाण्यात नॅनोक्लोरोप्सिस शेवाळ मिसळून हलकी हिरवी छटा ठेवावी.
- सहाव्या दिवसापासून : नुकतीच फुटलेली आर्टेमिया थोडी थोडी सुरू करून रोटिफर हळूहळू कमी करावे. आर्टेमिया लवकर दिल्यास ती लहान अळ्यांच्या तोंडात मावत नाही.
- पांढरे पट्टे उमटल्यानंतर (साधारण ८ ते १५ दिवस) : बारीक कोरड्या खाद्याची सवय लावावी.

४० लिटर टाकीत प्रति मिलिलिटर १० या घनतेने ४ लाख रोटिफर लागतात. कल्चरमध्ये प्रति मिलिलिटर १०० रोटिफर असतील, तर एका वेळेस ४ लिटर कल्चर गाळून घ्यावे लागते. सुरुवातीच्या बहुतेक बॅच रोटिफर कमी पडल्यामुळे उपासमारीने जातात. म्हणून जोडी अंडी घालण्याआधीच रोटिफरचे कल्चर महिनाभर सलग टिकवून दाखवावे.

वीज आणि थंडी

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. झाडे पडून वीज रात्रभर जाऊ शकते. हवा बंद पडल्यास दाट संख्येतील पिल्ले काही तासांतच दगावू लागतात.

- हवेचा पंप आणि पाण्याचा छोटा पंप मिळून ३५ वॅटचा भार धरल्यास १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्ट बॅटरी अर्धी क्षमता वापरूनही साधारण १८ ते २० तास चालते. हीटर इन्व्हर्टरवर घेऊ नये. वीज नसताना टाक्या थर्माकोल व घोंगडीने झाकाव्यात.
- हीटर प्रतिलिटर १ वॅट या हिशेबाने, पण एका मोठ्याऐवजी दोन लहान बसवावेत. एकाचा थर्मोस्टॅट अडकला तरी पाणी लगेच उकळत नाही.
- खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. अर्थिंग आणि आरसीसीबी बसवल्याशिवाय काम सुरू करू नये.
- मीठ आणि आर्टेमियाची अंडी दमट हवेत ओलावा धरतात. ती हवाबंद डब्यात ठेवावीत.

खारे पाणी शेतात सोडू नका

५०० लिटरच्या युनिटमध्ये दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले, तर ५० लिटर खारे पाणी निघते. त्यातून वर्षाला सुमारे ८५ किलो मीठ बाहेर पडते. या पाण्याची विद्युत वाहकता सुमारे ५० डेसिसायमन प्रति मीटर असते, तर मातीची क्षारता ३ च्या वर गेल्यावर भाताचे उत्पादन घटू लागते. इंद्रायणी भाताचे खाचर, पॉलिहाऊसमधील गुलाब, विहीर किंवा ओढा यांपैकी कोठेही हे पाणी सोडू नये. नुकसान शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत जाऊ शकते.

यासाठी २ × २ मीटरची उथळ, गळती नसलेली सिमेंटची टाकी बांधावी. पावसाळ्यात बाष्पीभवन जवळजवळ होत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबरचे सुमारे ८५० लिटर पाणी १,००० लिटरच्या झाकणाच्या टाकीत साठवावे आणि ऑक्टोबरपासून उथळ टाकीत टप्प्याटप्प्याने सुकवावे. उरलेले मीठ पोत्यात भरून कचरा संकलनात द्यावे, बांधावर टाकू नये.

बाजार आणि अनुदान

पिल्ले ३ ते ४ महिन्यांत साधारण २.५ ते ३ सेंटिमीटरची होऊन विक्रीयोग्य होतात. पुणे तसेच मुंबईतील कुर्ला व क्रॉफर्ड मार्केटमधील घाऊक व्यापाऱ्यांकडे दर, आकार आणि एका वेळेस किती नग घेणार हे आधी विचारावे. किरकोळ दुकानातील दरावर हिशेब मांडू नये.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन युनिटसाठी ३ लाख रुपये प्रकल्प खर्च धरला असून सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. खर्च करण्यापूर्वी चालू वर्षाचे निकष मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात तपासावेत.

कोणत्या क्रमाने पुढे जावे

१. पहिले ३ महिने : पाणी, गाळणी, बॅटरी आणि खाऱ्या पाण्याची टाकी.
२. त्यानंतर : हॅचरीतील पिल्ले आणून फक्त संगोपन व विक्री. यातून बाजार समजतो.
३. एक पावसाळा मरतुकीशिवाय पार पडल्यावर : जोड्या वेगळ्या करून प्रजनन.

प्रत्येक बॅचची अंडी घातल्याची तारीख, फुटलेल्या अळ्या, १५ व्या दिवशी जिवंत पिल्ले आणि विजेचे बिल वहीत लिहावे. सलग चार बॅचमध्ये १५ व्या दिवसाचा आकडा वाढत नसेल, तर नवीन जोडी घेऊ नये. आधी रोटिफर आणि अमोनिया तपासावा.