पत्रकारितेचे व्रत आणि वार्ताहराची उपजीविका : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

दरवर्षी ६ जानेवारी रोजी महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली याच दिवशी 'दर्पण'चा पहिला अंक प्रसिद्ध केला. या दिवशी महाविद्यालयांतून व पत्रकार संघांतून जी भाषणे होतात त्यांत एक वाक्य हमखास असते : पत्रकारिता हा धंदा नसून व्रत आहे. मात्र ग्रामीण भागातील महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्राध्यापकाला याच सुमारास दुसराही एक प्रश्न ऐकावा लागतो. कला शाखेचा एखादा विद्यार्थी तास संपल्यावर थांबतो आणि विचारतो, "सर, पत्रकार व्हायचे तर काय शिकावे लागते? आणि त्यात पोट भरते का?" प्रश्नाच्या पहिल्या भागाला आपण उत्साहाने उत्तर देतो, दुसऱ्या भागावर बहुधा मौन पाळतो.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या भागाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. पत्रकार नेमके काय करतो, त्यासाठी त्याच्या अंगी काय असावे लागते आणि हे काम करीत असताना त्याचा निर्वाह कशावर होतो, हे तीन प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाशिमसारख्या लहान जिल्ह्यात तर हा संबंध अधिकच स्पष्टपणे दिसतो.

व्रताची परंपरा आणि तिचा आर्थिक आधार :

मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या पहिल्या शतकातील प्रमुख नावे पाहिली तर एक गोष्ट सहज लक्षात येते. यांपैकी बहुतेकांचा चरितार्थ केवळ वृत्तपत्रावर चालत नव्हता. जांभेकर शिक्षणक्षेत्रात नोकरी करीत होते व पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. १८८१ साली 'केसरी' व 'मराठा' सुरू झाले तेव्हा टिळक आणि आगरकर हे न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यात गुंतलेले होते. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढले आणि १८९२ पासून अखेरपर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि त्या पत्राला छत्रपती शाहू महाराजांचे अर्थसाहाय्य लाभले होते.

सत्यशोधकी परंपरेतही हेच दिसते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' काढले. आर्थिक ओढाताणीमुळे ते टिकविणे कठीण झाले, तेव्हा १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून ते चालविले. लोखंडे यांना गिरणीतील नोकरीचा प्रत्यक्ष अनुभव होता. गिरणी कामगारांचे कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी या प्रश्नांवर त्यांच्या लेखणीला जी धार आली ती या अनुभवामुळेच. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून 'दीनमित्र' हे साप्ताहिक चालविले. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, तरवडी या खेड्यातून ते दीर्घकाळ निघत राहिले. वृत्तपत्र हे शहराचेच अपत्य असते ही समजूत 'दीनमित्र'ने खोटी ठरविली.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पत्रकारितेला व्रत म्हणण्याची परंपरा मुळात तिच्या तोट्यातून जन्मली. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. या संपादकांचा निर्वाह अन्यत्र होत होता. आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यावर तो सहसा अवलंबून नव्हता. अध्यापकाचा पगार सावकार देत नव्हता. व्रत टिकले ते व्रतस्थाच्या शीलामुळे, हे खरेच. परंतु त्या शीलाला स्वतंत्र उपजीविकेचा टेकू होता हेही विसरता कामा नये.

पुराव्याची शिस्त :

पत्रकाराच्या अंगी काय असावे, याचा सर्वांत कठोर धडा मराठी वृत्तपत्रसृष्टीला तिच्या उमेदीच्या काळातच मिळाला. कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध 'केसरी' व 'मराठा' यांनी लिहिले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे, ही भावना त्या लेखनामागे होती. लेखनाला आधार होता तो काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली तेव्हा ती पत्रे बनावट असल्याचे उघडकीस आले. १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

हा प्रसंग आपण त्यागाचा म्हणून शिकवितो. तो पडताळणीच्या अभावाचा म्हणूनही शिकविला पाहिजे. हेतू शुद्ध होता, भाषा समर्थ होती, धैर्य तर निर्विवाद होते. कागद मात्र खोटा होता. पत्रकारितेला निष्ठा व शैली पुरत नाहीत. कागद कोणी दिला, तो कोणी लिहिला, दुसऱ्या कोणत्या साधनाने तो ताडून पाहता येईल, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाइतकेच वार्ताहरालाही विचारावे लागतात. फरक इतकाच की, अभ्यासकाजवळ वर्षे असतात आणि वार्ताहराजवळ रात्री पान लागेपर्यंतचा वेळ.

वऱ्हाडातील वृत्तपत्रे आणि वाशिमचे स्थान :

वऱ्हाडात वृत्तपत्रांचे केंद्र प्रारंभापासून अकोला, अमरावती व यवतमाळ येथे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'वऱ्हाड समाचार' अकोल्यातून निघत असे. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळ येथे 'लोकमत' साप्ताहिक सुरू केले. ब्रिजलाल बियाणी यांनी अकोल्यातून 'मातृभूमी' चालविले. वाशिमकडे या सर्वांच्या नकाशावर एक बातमीचे गाव म्हणूनच पाहिले गेले.

याला प्रशासकीय इतिहासाचे कारण आहे. वाकाटकांच्या काळात राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम. ब्रिटिश अमदानीत बासीम या नावाचा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात होता. १९०५ साली वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार जिल्हे करण्यात आले, त्यात बासीम जिल्हा मोडला गेला व वाशिम अकोल्याला जोडले गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके मिळून पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. मधल्या ९३ वर्षांत कलेक्टर कचेरी अकोल्यात होती. बातमी नेहमी कचेरीच्या आसपास वस्ती करते. त्यामुळे मानोऱ्याच्या तांड्यावरील पाणीटंचाई ही आधी तालुक्याची, मग जिल्ह्याची आणि जागा उरलीच तर वृत्तपत्राची बातमी होत असे.

जिल्हानिर्मितीनंतर जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय व इतर कचेऱ्या आल्या आणि दैनिकांच्या जिल्हा कार्यालयांना व जिल्हा पानांनाही निमित्त मिळाले. बातम्यांची जागा वाढली, वार्ताहरांची संख्या वाढली. त्यांच्या निर्वाहाची व्यवस्था त्या प्रमाणात वाढली असे मात्र म्हणता येत नाही.

जिल्हा वार्ताहराचे काम :

२०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून चार-पंचमांशाहून अधिक लोक खेड्यांत राहतात. अशा जिल्ह्यातील वार्ताहराला काय कळावे लागते, याची यादी कोणत्याही पाठ्यक्रमापेक्षा मोठी होईल. त्याला सातबारा व फेरफार वाचता आला पाहिजे. खरीप पिकांची नजरअंदाज, सुधारित व अंतिम पैसेवारी यांतील फरक समजला पाहिजे. कारण ती ५० पैशांच्या आत येते की बाहेर राहते, यावर जमीन महसुलातील सूट व परीक्षा शुल्काची माफी यांसारख्या सवलती अवलंबून असतात. बाजार समितीत सोयाबीनचा जाहीर झालेला भाव आणि शेतकऱ्याच्या काटापट्टीवरील भाव ताडून पाहता आले पाहिजेत. वऱ्हाडी बोलीबरोबरच पोहरादेवी परिसरातील तांड्यांवर गोरमाटी कानी पडावी व थोडीफार उमजावी, हेही आवश्यक आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज कसा लिहावा, हे तर आता या व्यवसायाचे मुळाक्षर झाले आहे.

या कामाचे गांभीर्य शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात विशेष जाणवते. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यांत वाशिमचा समावेश होता. पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकारांच्या सातत्यपूर्ण लेखनाने हा प्रश्न देशापुढे आला, हे सर्वमान्य आहे. परंतु बाहेरून येणाऱ्या पत्रकाराला गावाची वाट, घराची ओळख व बोलीचा अर्थ बहुधा स्थानिक वार्ताहरच सांगतो. तो वार्ताहर बातमी देऊन परत जात नाही. तो तेथेच राहतो.

आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांची शासकीय मदत मिळण्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. कुटुंबाच्या नावे जमीन, कर्जाची थकबाकी, परतफेडीचा तगादा या बाबी तपासल्या जातात. अशा वेळी केवळ ठाण्यातील नोंदीवरून 'घरगुती कारणातून' असे लिहिणे आणि घरी जाऊन सोसायटीची नोटीस, बँकेचे पासबुक, बियाण्याच्या उधारीची चिठ्ठी पाहून लिहिणे, यांत पत्रकारितेचा सारा फरक सामावला आहे. पहिल्या बातमीला दहा मिनिटे लागतात. दुसरीला दिवस आणि पदरचे पेट्रोल लागते. या दिवसाचे दाम कोण देतो, हा खरा प्रश्न आहे.

'मुख्य व्यवसाय' या शब्दांचा पेच :

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाची दखल घेतली गेली. न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला आणि त्यानंतर १९५५ चा श्रमिक पत्रकार अधिनियम झाला. त्यात उपसंपादक, बातमीदार, वार्ताहर, व्यंगचित्रकार, मुद्रितशोधक अशा सर्वांचा समावेश होता व अर्धवेळ काम करणाराही वगळलेला नव्हता. अट एवढीच की, पत्रकारिता हा त्याचा 'मुख्य व्यवसाय' असावा. न्या. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या व सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरविल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू होऊन १९५५ चा अधिनियम मागे पडला. नव्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक व डिजिटल माध्यमे आली. 'मुख्य व्यवसाय' ही अट मात्र कायम राहिली. माध्यमकर्मींवरील हल्ल्यांस प्रतिबंध करण्यासाठी राज्य विधिमंडळाने २०१७ मध्ये जो कायदा संमत केला, त्याच्या व्याख्येतही हीच अट आहे.

आता तालुका वार्ताहराची स्थिती पाहावी. मानधन नाममात्र किंवा नाहीच, म्हणून तो शेती, दुकान किंवा शिकवणी करतो. तो दुसरे काही करतो, म्हणून पत्रकारिता त्याचा मुख्य व्यवसाय ठरणे कठीण. ती मुख्य व्यवसाय नाही, म्हणून वेतनाचे संरक्षण नाही. आणि संरक्षण नाही म्हणून पुन्हा दुसरा उद्योग. हे चक्र कोठेच तुटत नाही.

यात आणखी एक भर पडते. अनेक ठिकाणी वार्ताहराला जाहिराती मिळवाव्या लागतात व त्यावरील कमिशन हीच त्याची मिळकत असते. वाढदिवसाची पुरवणी, निवडीबद्दल अभिनंदन, सणाच्या शुभेच्छा या जाहिराती देणारे कोण? पंचायत समितीचे पदाधिकारी, कंत्राटदार, संस्थाचालक. म्हणजे ज्यांच्या कारभारावर त्याने लक्ष ठेवायचे तेच. २००९ च्या निवडणुकांनंतर 'पेड न्यूज'ची चर्चा झाली व भारतीय प्रेस परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. मोठ्या संस्थांचा तो व्यवहार निंद्यच होता. पण वार्ताहराच्या पातळीवर हा प्रश्न लोभापेक्षा निर्वाहाचा अधिक आहे. जांभेकरांचा किंवा आगरकरांचा निर्वाह बातमीच्या विषयापासून दूर होता. आजच्या वार्ताहराचा निर्वाह बातमीच्या विषयाकडूनच होतो. व्रत हा शब्द तोच राहिला. त्याखालची जमीन सरकली.

धोकाही त्याच्याच वाट्याला अधिक येतो. राजापूर येथील पत्रकार शशिकांत वारिसे यांचा फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेला मृत्यू सर्वांच्या स्मरणात आहे. मोटारीने धडक देऊन त्यांची हत्या केल्याचा गुन्हा नोंदविला गेला. लहान गावात बातमी लिहिणारा आणि बातमीत येणारा रोज एकाच चौकातून जातात.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, पत्रकाराचे काम घडलेली गोष्ट सांगणे एवढेच नसून ती पुराव्यासह उभी करणे हे आहे. त्यासाठी भाषा, कायदा, महसुली कागद व स्थानिक समाज यांचे ज्ञान लागते. आणि त्या ज्ञानाचा निर्भयपणे उपयोग करण्यासाठी बातमीच्या विषयावर अवलंबून नसलेली उपजीविका लागते. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात हा दुसरा घटक नेहमीच होता, पण आपण त्याची कथा सांगितली नाही.

महाविद्यालयांना वेतन ठरविता येत नाही; परंतु दोन गोष्टी निश्चित करता येतात. इतिहास, मराठी व अर्थशास्त्र या विभागांनी मिळून विद्यार्थ्यांना स्थानिक कागदपत्रे वाचण्याचे शिक्षण द्यावे. तसेच जिल्हा पानांच्या जुन्या अंकांचे जतन आपल्या ग्रंथालयांनी करावे. १९९८ नंतरच्या वाशिम जिल्ह्याचा इतिहास ज्यांना लिहायचा आहे त्यांना या वार्ताहरांच्या बातम्यांवाचून गत्यंतर नाही, आणि ते अंक रद्दीत जात आहेत.

राहिला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. त्याला प्रामाणिकपणे सांगावे की, हे काम फार मोलाचे आहे, त्याला पुष्कळ शिकावे लागते, आणि आपल्या भागात त्यात पोट भरतेच असे नाही. व्रताचे कौतुक करून ही शेवटची गोष्ट झाकणे हे अध्यापकाला शोभणारे नाही. ६ जानेवारीच्या भाषणात हेही वाक्य यावे, इतकीच अपेक्षा आहे.