दाते सूची संगणकावर आणताना

मराठीत 1800 ते 1950 या काळात कोणते ग्रंथ छापले गेले, याचा शोध घेणारा अभ्यासक अखेर शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’पाशी येतो. 1800 ते 1937 या वर्षांचा पहिला भाग 1943 मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. 1938 ते 1950 या वर्षांचा दुसरा भाग 1961 मध्ये आला. ‘दाते सूची’ याच नावाने ती ओळखली जाते. अशी सूची संगणकावर शोधण्याजोगी करायची तर काय करावे लागते?

छायाचित्र पुरेसे नाही
पान स्कॅन केले की त्याचे छायाचित्र मिळते. ते वाचता येते, पण संगणकाला त्यातील शब्द कळत नाहीत. त्यासाठी प्रत्येक नोंद युनिकोडमध्ये उतरवून ग्रंथनाम, लेखक, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि विषय असे तिचे रकाने पाडावे लागतात. अक्षरे ओळखणारी आज्ञावली मदत करते. मात्र पुसट छपाई आणि जोडाक्षरे यांत ती चुकते. म्हणून मुद्रितशोधन अटळ ठरते.

लेखनभेदांचा पेच
मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम 1962 मध्ये आले व 1972 मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वीचे ‘नांव’ आज ‘नाव’ झाले आहे. बाबा पदमनजींची 1857 ची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी कोणी ‘यमुना पर्यटन’ अशी दोन शब्दांत शोधली, तर साधा शोध रिकाम्या हाताने परततो. उपाय एकच: मूळ नोंद जशीच्या तशी जपावी आणि शेजारच्या रकान्यात आजचे रूप द्यावे.

नावे आणि वर्षे
‘लोकहितवादी’ आणि गोपाळ हरी देशमुख, ‘केशवसुत’ आणि कृष्णाजी केशव दामले या जोड्या माणसानेच जुळवायच्या असतात. जुन्या पुस्तकांवर अनेकदा शक छापलेला असे. शके 1800 म्हणजे इसवी सन 1878-79, हे संगणकाला सांगावे लागते. नामसाधर्म्यही फसवते. पुण्यातच 1932 ते 1950 या काळात निघालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे संपादक यशवंत रामकृष्ण दाते हे वेगळे. त्यांचा हा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई संदर्भ प्रकल्पामुळे जगात कोठूनही शब्दवार पाहता येतो.

जुन्या सूचीत शोधताना वाचकाने एवढे करावे: शब्द अनुस्वारासह व अनुस्वाराविना, जोडून व तोडून, तसेच लेखकाचे टोपणनाव देऊनही पाहावा. एका प्रयत्नात काही सापडले नाही, म्हणून ग्रंथ नव्हताच असे मानू नये. ज्या पुस्तकाची प्रत कोठेच उरलेली नसेल, त्याच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणजे सूचीतली ती एक ओळच. ती उतरवताना एक अक्षर चुकले, तर ते पुस्तक दुसऱ्यांदा हरवते.