वाटाण्याचा वेल आणि फाळक्यांचा कॅमेरा

१/ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे चित्रण केले होते. त्याची बोळवण मात्र बहुधा एका ओळीत होते. हा धागा त्या वाटाण्याविषयी.

२/ १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात असताना त्यांनी कॅमेरा घेतला आणि छायाचित्रण, प्रक्रिया व छपाईचे प्रयोग आरंभले. पुढे गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय आणि १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात नोकरी. म्हणजे १९१२ पर्यंत स्थिर कॅमेऱ्याचा वीस वर्षांहून अधिक अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

३/ स्थिर कॅमेऱ्यावर छायाचित्रकाराच्या हाती मुख्यतः दोन गोष्टी असत: भिंगातील छिद्र किती उघडायचे आणि प्रकाश किती वेळ आत घ्यायचा. आजच्यासारखा आयएसओ बदलण्याची सोय नव्हती. काचेची वा फिल्मची संवेदनशीलता ठरलेली असे. चुकले, तर अंधारखोलीत निगेटिव्ह धुताच कळे आणि पुढच्या वेळी सुधारता येई.

४/ चलत्‌चित्राच्या कॅमेऱ्याने हे गणित बदलले. तो हाताने फिरवावा लागे. सर्वसाधारण रीत अशी: दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. हात मंदावला की प्रत्येक चित्रावर प्रकाश जास्त पडे आणि पडद्यावर माणसे धावू लागत. हात वेगाने फिरला की चित्र काळवंडे. प्रकाशाचे माप आता मनगटात आले होते.

५/ १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहून फाळक्यांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. दिवसेंदिवस चित्रपट पाहणे आणि रात्री जागून प्रयोग करणे यांमुळे त्यांची दृष्टी धोक्यात आली. उपचारांनी ती सावरली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे निर्माते सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहून आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून एप्रिलमध्ये परतले.

६/ यंत्रे मे महिन्यात पोहोचली. सोबतच्या आराखड्यावरून फाळक्यांनी ती स्वतः जोडली. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रेही घरीच पाडावी लागत आणि तीही अंधारात. छिद्रांचे अंतर चुकले, तर पडद्यावर चित्र थरथरे. हे काम आणि फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फाळक्यांची चित्रपट-प्रयोगशाळा अशी एका संसारात उभी राहिली.

७/ आधी आसपासच्या मुलांवर कॅमेऱ्याची चाचणी झाली. मग कुंडीत वाटाणे पेरले गेले आणि कॅमेरा समोर रोवला गेला. महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करून बीज, अंकुर आणि वेल असा प्रवास फिल्मवर उतरला.

८/ ‘रोज एक चित्र घेतले’ असे सर्रास सांगितले जाते. हिशोब करून पाहावा: तीस दिवसांची तीस चित्रे सेकंदाला सोळा या वेगाने दोन सेकंदांतच संपतील. पण लघुपट मिनिटभराचा होता असेही त्याच कथेत सांगतात. मिनिटाला ९६० चित्रे लागतात, म्हणजे रोज साधारण बत्तीस! दंतकथेपेक्षा हे काम कितीतरी चिकाटीचे होते.

९/ वाटाणाच का? तो हलत नाही, थकत नाही, मोबदला मागत नाही. कॅमेरा स्थिर, कुंडी स्थिर. बदलतात त्या दोनच गोष्टी, रोपाची उंची आणि दिवसाचा उजेड. कालच्या आणि आजच्या चित्रांत प्रकाशाचा मेळ बसला नाही, तर पडद्यावर लगेच लुकलुक दिसते. शिकणाऱ्याला आपली चूक इतकी स्पष्ट दाखवणारा दुसरा गुरू मिळणे कठीण.

१०/ हा लघुपट निवडक लोकांना दाखवला गेला. त्यांपैकी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले. गहाण ठेवण्यासारखे फारसे उरलेले नसताना वाटाण्याचा वेल तारण ठरला. पुढचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फुटांचा होता. फुटाला सोळा चित्रे धरली, तर ५९ हजारांहून अधिक चित्रे होतात. हातात बसलेले माप तिथे कामी आले.

११/ हा धडा आजही गिरवता येतो. अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्याचा एकच बुरूज निवडावा, कॅमेरा तिवईवर बसवावा आणि मॅन्युअलवर ठेवावा. आधी फक्त छिद्र बदलत जावे, मग ते तसेच ठेवून फक्त शटरची वेळ. तेच सकाळी, दुपारी आणि सांजेला. प्रत्येक चित्राची नोंद वहीत ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच कोणत्या बदलाने काय घडले ते कळते.