देवपुत्र नक्की कोण? चार वचनांचं दोन हजार वर्षं जुनं भांडण

नोहाची गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असते. महापूर, मोठ्ठं तारू, जोडीजोडीने आत शिरणारे प्राणी वगैरे. पण ह्या गोष्टीच्या अगदी तोंडाशी, उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात, चार विचित्र वचनं आहेत. सारांश असा: पृथ्वीवर माणसं वाढली, त्यांना मुली झाल्या. ह्या मुली देखण्या आहेत हे 'देवपुत्रांनी' पाहिलं आणि हव्या त्या बायका करून घेतल्या. देव म्हणाला, माणसाचे दिवस आता १२० वर्षं. त्या काळी (आणि नंतरही!) पृथ्वीवर नेफिलीम होते. जुन्या काळचे नामांकित वीर ते हेच.

बस्स. एवढं सांगून लेखक पुढे जातो. देवपुत्र कोण, नेफिलीम त्यांचीच मुलं की आधीपासून होते, काही खुलासा नाही. आमच्या धंद्यात असं अर्धवट स्पेसिफिकेशन आलं की प्रत्येक टीम आपापला अर्थ लावून मोकळी होते. इथेही तेच झालं.

पहिला अर्थ: देवपुत्र म्हणजे देवदूत. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा 'हनोखचं पुस्तक' ग्रंथाचा जुना भाग ही कथा सविस्तर सांगतो. २०० देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात. एकट्यावर पाप नको म्हणून त्यांचा म्होरक्या शेमिहाझा सगळ्यांकडून शपथ घेतो. असाएल माणसांना तलवारी, दागिने आणि डोळे रंगवायची कला शिकवतो. मुलं होतात ती राक्षसी आकाराची. आधी माणसांचं धान्य फस्त करतात, मग माणसांनाच खायला लागतात.

गंमत म्हणजे 'पतित देवदूत' हा शब्द उत्पत्तीत नाहीच. हिब्रूत न-फ-ल ह्या धातूचा अर्थ पडणे, म्हणून नेफिलीम म्हणजे 'पडलेले' असं बरेच जण मानतात. पण ग्रीक भाषांतरकारांनी सरळ 'गिगांतेस' म्हणजे महाकाय लिहिलं. त्याला गणनाच्या १३व्या अध्यायाचा आधार होता. तिथे हेर घाबरून सांगतात की कनानात नेफिलीम पाहिले, त्यांच्यापुढे आम्ही टोळासारखे दिसत होतो. (सगळे प्रलयात बुडाले असतील तर हे कुठून आले, हा अजून एक वाद!)

नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात हनोखच्या पुस्तकातला उतारा आहे. तरीही यहुद्यांनी आणि बहुतेक चर्चांनी ते पुस्तक बाजूला सारलं. इथियोपियाच्या चर्चने मात्र गीझ भाषेत ते सांभाळलं. १७७३ मध्ये जेम्स ब्रूस त्याची हस्तलिखितं युरोपात घेऊन आला. मग विसाव्या शतकात मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत त्याचे अरामी तुकडे मिळाले आणि पुस्तक ख्रिस्ताच्या आधीचं आहे हे पक्कं झालं. तिथेच मिळालेल्या एका संबंधित ग्रंथात तर गिल्गमेश हे नाव एका राक्षसाला दिलंय!

दुसरा अर्थ: देवपुत्र म्हणजे बडी माणसं. 'एलोहीम' हा शब्द हिब्रूत कधीकधी न्यायाधीशांसाठीही घेतला जातो. दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बार योखाय ह्यांना न्यायाधीशांचे पुत्र म्हणत आणि 'देवाचे पुत्र' म्हणणाऱ्याला शाप देत, अशी परंपरा आहे. म्हणजे ही सत्तावाल्यांनी लोकांच्या लेकी उचलून नेल्याची गोष्ट झाली.

तिसरा अर्थ ख्रिस्ती. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टिन ह्यांनी मांडलं की देवपुत्र म्हणजे शेथचे धार्मिक वंशज आणि मानवकन्या म्हणजे काईनच्या वंशातल्या. देवदूत लग्न करत नाहीत असं येशूच म्हणतो, हा ह्या बाजूचा आवडता मुद्दा. अडचण एवढीच की पहिल्या वचनातली 'माणसं' म्हणजे सगळी मानवजात, मग दुसऱ्याच वचनात ती फक्त काईनची कशी झाली?

आजचे बरेच अभ्यासक पहिल्या अर्थाकडे झुकतात. ईयोबाच्या पुस्तकात देवपुत्र देवासमोर हजर होतात, तिथे ते स्वर्गातलेच आहेत. सीरियात उगारित इथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात एल ह्या देवाच्या पुत्रांच्या कथा मिळाल्या. आणि एक मस्त पुरावा: अनुवादाच्या ३२:८ मध्ये प्रचलित हिब्रू प्रतीत 'बेने इस्राएल' आहे, तर कुमरानच्या एका तुकड्यात 'बेने एलोहीम'. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या नावातला 'बेने' तो हाच, म्हणजे पुत्र. एक शब्द बदलला आणि स्वर्गातली सभा गायब!

आता वाटेल, एवढा काथ्याकूट कशाला? तर प्रश्न दोषाचा आहे. देवदूत म्हटलं की वाईटपणा वरून आला, माणूस बिचारा बळी. न्यायाधीश म्हटलं की दोष सत्तेचा. शेथचे वंशज म्हटलं की दोष आपल्या जातकुळीबाहेर लग्न करण्याचा. आणि ह्या सगळ्यात दोष हळूहळू बायकांवरही सरकला. रऊबेनच्या नावावरच्या एका जुन्या ग्रंथात बायकांनीच देवदूतांना भुरळ घातली असं येतं. इ.स. २०० च्या सुमारास टर्टुलियनने तर मुलींनी डोकं झाकावं ह्यासाठी हीच गोष्ट पुढे केली.

मूळ वचनं पुन्हा वाचा. पाहिलं त्यांनी, निवडलं त्यांनी, घेतलं त्यांनी. मुलींनी जन्माला येणं आणि पुढे मुलं जन्माला घालणं ह्यापलीकडे काहीही केलेलं नाही. देवपुत्र कोण ह्यावर मी पैज लावणार नाही, पण कोणी काय केलं हे त्या चार वचनांत अगदी स्वच्छ लिहिलंय. दोन हजार वर्षांत नेमकं तेवढंच अनेकांच्या नजरेतून सुटलं.