२६ मे : गोलरक्षकाने केला गोल!

२०१३ : मेक्सिकोच्या फुटबॉल लीगचा अंतिम सामना दोन भागांत होतो, एक लढत या संघाच्या मैदानावर, दुसरी त्या संघाच्या. पहिली लढत क्रूझ अझूलने १-० ने जिंकली होती. आज ॲझ्टेका स्टेडियमवर, भर पावसात, क्लब अमेरिकाची परतफेडीची वेळ. पण पाव तास होण्याआधीच त्यांच्या मोलिनाला लाल कार्ड मिळाले आणि पाठोपाठ क्रूझ अझूलच्या तेओफिलो गुतिएरेझने गोल केला. दोन गोलांची पिछाडी, त्यात दहाच खेळाडू! खेळ खलास, असेच कुणालाही वाटावे.

अगदी शेवटी अमेरिकाच्या मोस्केराने हेडरवर एक गोल फेडला. भरपाईच्या वेळेत कॉर्नर मिळाला, तेव्हा गोलरक्षक मोइसेस मुन्योझ आपले घर उघडे टाकून पुढे धावला. त्याने झेप घेत डोके लावले, चेंडू एका बचावपटूला चाटून जाळ्यात! वर्षभरापूर्वीच तो मोटार अपघातातून बचावला होता.

दोन्ही लढतींचे गोल मिळून बरोबरी झाली आणि पेनल्टीत अमेरिकाने ४-२ ने बाजी मारली. निर्णायक फटका मारताना मिगेल लायूनचा पाय घसरला, तरी चेंडू आतच गेला. नशीबही त्या रात्री अमेरिकाचा पिवळा शर्ट घालून आले असावे.

हातातला सामना घालवण्याला मेक्सिकोत ‘क्रूझअझुलेआर’ असे क्रियापदच आहे. १९९७ नंतर क्रूझ अझूलला लीगचे विजेतेपद मिळाले ते थेट २०२१ मध्ये.