पुणे-मुंबई, सरळ रेषेत

पुणे ते मुंबई विमानाचं अंतर किती? सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर. रेल्वेनं १९२. हवेत असायचा वेळ जेमतेम अर्धा तास! कागदावर विमानच जिंकलं.

आता आमच्या भूगावहून बघा. गाव पुण्याच्या पश्चिमेला, पौड रस्त्यावर. विमानतळ लोहगावला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे मुंबईला जायचं तर आधी मुंबईकडे पाठ करायची, अख्खं पुणं ओलांडायचं, तपासणीच्या रांगेत उभं राहायचं आणि मग परत पश्चिमेकडे उडायचं. तोवर चांदणी चौकातून निघालेला माणूस घाट उतरून गेलेला असतो.

खरं तर हे अंतर विमानानं कधी तोडलंच नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा टपाल घेऊन सकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. तेच टपाल पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं. या थांब्यांत पुणं नव्हतं. कशाला असेल? पुण्याचं काम आगगाडीनं आधीच करून टाकलं होतं.

त्याचं श्रेय बोरघाटाला. १८३० साली, माल्कम गव्हर्नर असताना, घाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता झाला. १८५८ ला खंडाळा ते पुणे रेल्वे आली, पण मधल्या घाटात रूळ नव्हते. तेवढा टप्पा लोक पालखीतून नाहीतर तट्टावरून पार करत. १८६३ ला घाटातही रूळ पडले. आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी धावली, पावणेतीन तासांत! आज तीच गाडी तीन तासांच्या वर घेते. थांबे वाढले, मार्गावर गर्दी वाढली, कारणं आहेत. तरी नव्वदहून जास्त वर्षांनी वेळ वाढलेलाच. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तेव्हा कुठे गाडीवाल्यांना दिलासा मिळाला. तोही सुट्टीच्या दिवशी घाटात अडकेपर्यंतच.

पण तास मोजणं हा सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्यांचा हिशोब. मुळशी, मावळ, खेडकडची माणसं मुंबईला गेली ती पोटासाठी, राहायला. कुणी गिरणीत, कुणी डबे पोचवायला. डब्यांचा धंदा १८९० पासूनचा, महादू बच्चे यांनी सुरू केलेला. गावी बायको, म्हातारे आईवडील आणि तुकडाभर भातशेती. त्या घरांत मुंबई किती लांब हे सांगायला घड्याळ काय कामाचं? माणूस जत्रेला येणार, एवढंच माहीत. आजही गावच्या जत्रांच्या दिवसांत डबेवाले रजा घेतात आणि मुंबईतल्या कचेऱ्यांना जेवणाची दुसरी सोय बघावी लागते.

आणि ती पावणेतीन तासांची राणी? सुरुवातीला तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाचे डबे लागले १९५५ साली. म्हणजे पंचवीस वर्षं मुंबई पावणेतीन तासांवर आली होती खरी, पण गिरणीतल्या माणसाला त्या गाडीत बसायला जागाच नव्हती. तो आपला रात्रीच्या पॅसेंजरनं, मांडीवर पोरांसाठी खाऊची पुडी घेऊन यायचा आणि स्टेशनवर उतरून पुढे गावापर्यंत चालत जायचा.