पावणेतीनशे फुटांची चूक

जून 1942, अल्यूशन बेटांतलं डच हार्बर. जपानी विमानांनी इथे लागोपाठ दोन दिवस बॉम्ब टाकले, त्याला आठवडा होत आलाय. तुम्ही गस्तीवर निघालेल्या कॅटलिना विमानाच्या पोटात बसला आहात. शत्रूची जहाजं शोधायची, दिसली की कळवायची. तोवर रेडिओ गप्प.

हे नेमकं कुठलं विमान, ते विचारू नका. अशी बरीच गेली. या बेटांवर शत्रूपेक्षा हवामानानेच जास्त विमानं गिळली.

छोट्या टेबलाशी नॅव्हिगेटर नकाशावर पेन्सिल चालवतोय. विमानाचा वेग त्याला ठाऊक आहे, दिशाही. ठाऊक नाही तो वारा. लाटांचा फेस कुठे ओढला जातोय ते पाहून तो वाऱ्याचा अंदाज बांधत होता. आता खाली नुसतं पांढरं. आपल्याकडे वारा सुटला की धुकं पळतं, इथे दोघं एकत्र नांदतात. आडवा वारा चाळीस नॉटचा आहे, तो वीस धरतोय. दोन तासांत चाळीस सागरी मैलांची चूक, आणि पेन्सिलीची रेघ मात्र सरळ, स्वच्छ.

वर चढावं, तर पंखांवर बर्फ धरतो. शिवाय घराच्या वाटेवर माकुशिन ज्वालामुखी ढगांत उभा आहे, 1,800 मीटर उंच. म्हणून वैमानिक खाली उतरतो. पाणी दिसलं म्हणजे वारा कळेल, हा हिशेब चुकीचा नाही.

उंचीचा काटा म्हणजे शेवटी हवेचा दाब मोजणारं यंत्र. सकाळी बंदरातल्या दाबावर तो जुळवलाय. पण विमान आता वादळाच्या पोटात शिरलंय, दाब दहा मिलिबारने उतरलाय. तेवढ्याने काटा पावणेतीनशे फूट जास्त दाखवतो. तो तीनशेवर आहे.

तुम्हाला हे माहीत आहे. सांगता येत नाही.

मागच्या काचेच्या फुगवट्यातला गनर ओरडतो, ‘पाणी!’ वैमानिक दांडा ओढतो. डावा पंख लाटेच्या माथ्याला लागतो.

पाण्याचं तापमान पाच अंशांच्या आसपास. रबरी तराफा उघडला तरी तो कुठे आहे, हे कुणाला कळवणार?

उद्या शोधाला दुसरी कॅटलिना निघेल. ती आधी नकाशावरच्या त्या सरळ रेघेच्या आसपास पाहील, चाळीस मैल बाजूला.